उप्पा लवकर आले

१

केरळातल्या मंचेरीहून विमानतळावर माणूस आणायला जायचं म्हणजे कुंजालवींच्या घरात लग्नाइतकी धांदल. येणारा एक, आणायला जाणारे चौदा. गाडी ठरलेली, ड्रायव्हर चामीएट्टनची, पांढरी, सतरा जणांची, हॉर्न दाबला की वायपर चालू होणारी. गाडीतल्या जागाही ठरलेल्या. पुढे चामीएट्टनशेजारी मूत्ताप्पा, म्हणजे नज्लाचे थोरले काका कुंजालवी. त्यांच्या मागे घरातले पुरुष, पुरुषांच्या मागे मुलं, आणि सगळ्यात शेवटी, जिथे प्रत्येक खड्ड्याला डोकं छतावर आपटतं तिथे, बायका. येणाऱ्या माणसाची बायको अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी.

"म्हणजे जिचा नवरा येतोय तीच सगळ्यात लांब," नज्ला म्हणाली. "ह्याला काही अर्थ आहे?"

"अर्थ असता तर त्याला रीत कशाला म्हटलं असतं?" मूत्तम्मा म्हणाली. ती मूत्ताप्पांची बायको, मांडीवर केळ्याच्या गोड उन्नक्कायचा डबा घेऊन बसलेली. "तू गप बस आणि डबा धर. खोबऱ्याचं सारण सांडतंय."

नज्लाची उम्मा, म्हणजे आई, खिडकीपाशी नवी ओढणी डोक्यावर घेऊन बसली होती. आज तिचा नवरा येणार होता. कायमचा.

सैदालवी, नज्लाचे उप्पा, म्हणजे वडील, बावीस वर्षं दम्मामच्या एका किराणा दुकानात होते. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, कधी तीही नाही. नज्लानं एकदा वहीत बेरीज करून पाहिली होती. बावीस वर्षांत उम्मा आणि उप्पा एका छपराखाली राहिले ते सगळे मिळून चौदा महिने. शेवटची सुट्टी पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा नज्ला सोळा वर्षांची होती. त्यानंतर उप्पा दिसले ते फक्त दर शुक्रवारी फोनवर, आणि तेही अर्धेच, कारण त्यांना फोन धरता यायचा नाही. पडद्यावर त्यांचं कपाळ, कपाळावर डाव्या भुवईच्या वरची चंद्रकोरीसारखी खूण, दुकानातल्या फळीवरून पत्र्याचा डबा पडला होता तिची, आणि वर गरगरणारा पंखा. नाक, तोंड, हनुवटी ह्या गोष्टी घरच्यांनी आठवून घ्यायच्या. आणि तिकडच्या नेटवर त्यांनाही घरचे दिसायचे ते धूसर ठिपक्यांसारखेच.

आणि खोकला. घरातल्या मोठ्या माणसांशी किंवा कुठलीही अवघड गोष्ट बोलताना उप्पा आधी खोकायचे. "हं... हं..." घसा दुखायचा म्हणून नव्हे. शब्द बाहेर यायला घाबरायचे आणि हा खोकला त्यांना ढकलायचा.

दोन आठवड्यांपूर्वी नज्लानं त्यांना सगळं सांगितलं होतं. हैदराबादला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. भौतिकशास्त्र. मंगळवारपर्यंत हजर व्हायचं आहे. आणि मूत्ताप्पांनी तिरूरच्या टाइल्सवाल्यांना रविवारी तिला बघायला बोलावलंय, बघायला म्हणजे ठरवायलाच.

पंखा बराच वेळ फिरत राहिला होता. मग कपाळ म्हणालं होतं, "हं... मला येऊ दे गं पोरी, मोळे. समोर आलो की बोलतो. फोनवर थोरल्या इक्कापुढे माझा आवाज फुटत नाही."

आज शनिवार होता. रविवार उद्या. नज्लाचं अख्खं हैदराबाद एका माणसाच्या घशात अडकून बसलं होतं, आणि तो माणूस तीन दहाच्या विमानानं येत होता.

२

करिपूरचा विमानतळ टेकडी कापून सपाट केलेल्या माथ्यावर आहे. खाली नारळीच्या बागा, वर धावपट्टी. दोन वाजताच कुंजालवींची पलटण कठड्यापाशी उभी राहिली. चामीएट्टन गाडी वाहनतळावर लावून, दारं बायकांसाठी उघडी ठेवून, किल्ली खिशात घालून टेकडीखाली बिर्याणी खायला गेला. त्यालाही सवय होती. तीन दहाचं विमान म्हणजे माणूस पावणेचारला बाहेर.

कठड्यापाशी उभं राहायचीही रीत होती. येणाऱ्याला आधी थोरल्यानं ओळखायचं आणि पहिली मिठी त्यानंच मारायची. तोवर बाकीच्यांनी नुसता हातसुद्धा हलवायचा नाही. अडचण एवढीच की मूत्ताप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चष्मा त्यांच्या खिशात होता, कारण चष्म्यानं ते म्हातारे दिसतात असं त्यांना कुणीतरी म्हणालं होतं. लांब दांड्याची छत्री त्यांनी कठड्याला अडकवली आणि सेनापतीसारखे उभे राहिले.

"चष्मा लावा ना, मूत्ताप्पा," नज्ला म्हणाली.

"माझा भाऊ ओळखायला मला काच लागते?"

"गेल्या वेळी तुम्ही एका गुजराती व्यापाऱ्याला मिठी मारली होती."

"त्यालाही बरं वाटलं."

ह्यावर सगळे हसले. कुणीतरी सुलैमानीचा थर्मास उघडला. काळ्या चहात पिळलेल्या लिंबाचा वास सुटला. सगळं दर वेळेसारखं चाललं होतं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी काचेचं दार उघडलं.

"अल्हम्दुलिल्लाह!" मूत्ताप्पा ओरडले. "आला!"

एक माणूस ट्रॉली ढकलत बाहेर येत होता. ट्रॉलीवर तीन मोठी खोकी, हिरव्या दोरीनं करकचून बांधलेली, चारी बाजूंनी काळ्या शाईत नाव आणि गाव. डोक्यावर पांढरी विणलेली टोपी, भुवयांपर्यंत ओढलेली. तो इकडेतिकडे न बघता सरळ त्यांच्याकडे चालत आला, घरातल्या घरात माजघरातून ओसरीवर यावं तसा. मूत्ताप्पांनी मिठी मारली. मग काय, धरण फुटलं. चुलत भाऊ, भाचे, पोरं, सगळी त्याच्यावर तुटून पडली.

नज्ला मागे राहिली. ती त्याच्या मागच्या दाराकडे बघत होती. दार मिटत होतं आणि त्याच्या आत कुणीही नव्हतं. ना दुसरी ट्रॉली, ना माणसं. सामानाचा पट्टा बंद होता आणि एक बाई त्याच्या कडेची फरशी पुसत होती. दाराच्या वरच्या फलकावर लिहिलं होतं: दम्माम, तीन दहा, यायचं आहे.

"मूत्ताप्पा," नज्ला म्हणाली, "विमान अजून उतरलंच नाही."

"मग हा काय पोहत आला?"

"पण फलकावर..."

"फलक सरकारी आहे. भाऊ माझा आहे. कुणावर विश्वास ठेवू?"

पुन्हा हशा. त्या हशातून तो माणूस तिच्यासमोर आला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "नज्ला! केवढी झालीस गं! चष्मा कधी लागला?"

हात गार होते, फ्रिजमधून काढलेल्या पेरूसारखे गार आणि गुळगुळीत. आत एसी जोरात असणार, तिनं स्वतःला सांगितलं. आणि मग तिलाही हसू आलं, कारण त्यानं तिचं नाव घेतलं होतं. न खोकता.

"उप्पा, कुठल्या विमानानं आलात?"

"हवेतल्याच," तो म्हणाला, आणि मूत्ताप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

३

गाडीपाशी आल्यावर कळलं की चामीएट्टन नाही आणि किल्लीही नाही. दुसऱ्या कुठल्या घरानं हात चोळले असते. कुंजालवींच्या घरानं गाडीच्या मागे चटई पसरली. तांदळाच्या भाकरीसारख्या पत्तिरींचा ढीग आला, खोबरं घालून परतलेलं मटण आलं, मूत्तम्माचे उन्नक्काय आले. वाहनतळाची पार सहल झाली. शेजारच्या गाडीतली माणसं वास घेत बघत राहिली तेव्हा त्यांच्याही हातावर दोन-दोन ठेवले गेले.

उम्मा गाडीतून उतरली नाही. तिनं शेवटच्या बाकावरूनच, काचेतून, नवऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. चारचौघांत ह्याहून जास्त बघायचं नसतं. नज्लाला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त दया आली.

"उम्मा, बघ तरी नीट."

"घरी गेल्यावर आहेच की बघायला. आता कायमचं आहे," उम्मा पुटपुटली आणि ओढणीत हसली. मग म्हणाली, "खोकला गेला गं ह्यांचा. देव पावला."

नज्लानं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. ती भौतिकशास्त्राची मुलगी होती. एखादी नोंद जुळत नसेल तर घाबरायचं नसतं, शक्यता मांडायच्या असतात. एक, फलक जुना असेल. दोन, उप्पा आधीच्या विमानानं मुंबईवरून आले असतील आणि गंमत करत असतील. तीन, माणसं बाहेर पडायला वेळ लागतो हा अनुभव चुकीचा असेल. तिन्ही शक्यता ठीक होत्या. तिन्हींत उप्पा उप्पाच होते. तिनं एक पत्तिरी खाल्ली.

"बरं का, सैदू," मूत्ताप्पा बोटं चाटत म्हणाले, "उद्या तिरूरची माणसं येतायत. टाइल्सचं मोठं दुकान आहे. मुलगा शांत आहे."

"शांत नाही, मूत्ताप्पा, झोपाळू आहे," नज्ला म्हणाली. "फोटोतसुद्धा डोळे मिटलेत."

"बघितलंस? ही अशी जीभ. सासरी गेली की आपोआप..."

"त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा," तो माणूस म्हणाला.

 एक भाचा घास तोंडाजवळ नेता नेता थांबला. बावीस वर्षांत, खरं तर त्याआधीच्या पंचवीस वर्षांतही, सैदालवीनं थोरल्या भावाचं वाक्य कधी तोडलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"नज्ला हैदराबादला जाणार. मंगळवारची मुदत आहे ना गं? उद्या रात्रीची गाडी मिळेल."

"अरे पण मी त्यांना शब्द दिलाय!"

"शब्द तुमचा आहे, इक्का. मुलगी माझी आहे." तो हसत होता. मोठमोठे, पांढरेशुभ्र, सारख्या मापाचे दात. "आणखी एक उन्नक्काय द्या बरं. असं तिकडे मिळत नाही."

मूत्ताप्पांचं तोंड उघडं राहिलं. आणि मग, कसं कोण जाणे, ते हसायलाच लागले. गडगडून. "अरे, हा तर वाघ होऊन आला! दम्मामला ह्याला काय खाऊ घातलं?" मूत्तम्मानं टाळी वाजवली. पोरांनी आरोळी ठोकली. गाडीतून उम्माच्या हुंदक्याचा आणि हसण्याचा एकच आवाज आला.

नज्लाला वाटलं, आपण जमिनीपासून दोन बोटं वर तरंगतोय. एवढं सोपं होतं! दोन वाक्यं. दोन वाक्यांसाठी ती दोन आठवडे झोपली नव्हती.

त्याच वेळी डोक्यावरून विमान आलं. इतकं खाली की चाकं दिसली. त्याची सावली गाड्यांच्या टपांवरून सरपटत गेली. सगळ्यांनी माना वर केल्या आणि पोरांनी हात हलवले. दर वेळी हलवतात.

त्या माणसानं वर पाहिलं नाही. त्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"वेळेवर आलं," तो म्हणाला.

"काय?" नज्लानं विचारलं.

"विमान. आणखी काय?"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

चामीएट्टन पावणेचारला काडीनं दात कोरत आला. "एवढ्यात आले? मला वाटलं आत्ताशी बाहेर पडत असतील."

"वाघाला कोण थांबवतो?" मूत्ताप्पा म्हणाले. सामान वर चढलं, चटई गुंडाळली गेली. निघता निघता मूत्ताप्पा एकदम खिसे चाचपू लागले. "माझी छत्री! कठड्यालाच राहिली."

"चष्मा लावला असता तर दिसली असती," नज्ला म्हणाली आणि पळालीच. खरं तर तिला पळायचंच होतं. अंगात एवढा आनंद मावत नव्हता. पन्नास पावलांत तिनं हैदराबादच्या वसतिगृहात खोली घेतली, खिडकीपाशी टेबल मांडलं आणि आपल्याच पैशांनी एक सायकलसुद्धा विकत घेतली.

कठड्यापाशी आता गर्दी होती. काचेचं दार सारखं उघडमीट करत होतं आणि ट्रॉल्यांची रांग बाहेर पडत होती. वाघाच्या चित्राची ब्लँकेटं, खोकी, झोपलेली बाळं. प्रत्येकाला कुणीतरी ओढून घेत होतं. नज्लानं छत्रीच्या मुठीवर हात ठेवला आणि फोन वाजला.

पडद्यावर "उप्पा" होतं, आणि नावापुढे तिनंच लावलेलं ते नेहमीचं चित्र. कपाळ आणि पंखा.

काहीतरी आणायला सांगत असतील, असं म्हणून तिनं मागे वळून गाडीकडे पाहिलं. दार उघडं होतं. तो पुढे, मूत्ताप्पांच्या जागेवर, बसला होता. एका हातात सुलैमानीचा पेला, दुसऱ्या हातात उन्नक्काय. मूत्ताप्पा त्याला काहीतरी सांगत होते आणि तो हसत होता. त्याचे दोन्ही हात भरलेले होते.

फोन वाजतच होता. तिनं उचलला.

"हं... हं... नज्ला? मी बाहेर आलोय, मोळे. कुणीच दिसत नाही. गाडी पंक्चर झाली का?"

नज्लानं हळूच मान वळवली.

दारापासून चार पावलांवर एक माणूस उभा होता. ट्रॉली, तीन खोकी, हिरवी दोरी, काळ्या शाईत नाव आणि गाव. उजवा खांदा डाव्याहून खाली. शर्ट दोन मापं मोठा. फोन त्यानं कानाला लावला नव्हता, तोंडासमोर आडवा धरला होता, कपाळाच्या उंचीवर, दर शुक्रवारी धरतात तसा. कपाळावर डाव्या भुवईच्या वर चंद्रकोर होती.

तो माणसांच्या ओळीवरून नजर फिरवत होता. एकेक चेहरा, सावकाश, दुकानातल्या फळीवरचे डबे बघावे तसा. नजर नज्लावर आली. तिच्या चष्म्यावर, फोनवर, छत्रीवर क्षणभर टेकली, आणि पुढे गेली.

त्यानं तिला ओळखलं नाही.

हात वर करायचा होता. फक्त हात. त्याऐवजी तिचं तोंडच हललं. "उप्पा, हैदराबादचं... तुम्ही मूत्ताप्पांशी बोलणार आहात ना? आज?"

 पंधरा फुटांवर त्या माणसानं मान खाली घातली. पुढचं ती ऐकतही होती आणि बघतही होती.

"हं... ते. मोळे, मी विचार केला त्याचा. इक्का थोरले आहेत. त्यांनी शब्द दिलाय. आता कायमचा आलोय मी, आल्या आल्या वाकड्यात कसं शिरायचं?" तो थांबला, मग घाईघाईनं म्हणाला, "आणि तिरूर जवळ आहे गं. मला रोज येऊन भेटता येईल तुला. बावीस वर्षं कुणाला भेटलोच नाही."

नज्लानं छत्री कठड्यावरून काढून घेतली. मागे, गाडीतून, तिला त्याच आवाजातलं हसू ऐकू आलं. तोच आवाज, फक्त न घाबरलेला.

"उप्पा," ती म्हणाली, "तिथेच थांबा."

"हो, हो, थांबतो. सावकाश या तुम्ही. काही घाई नाही." त्यानं ट्रॉली बाजूला घेतली, येणाऱ्याजाणाऱ्यांची अडचण नको म्हणून खांबाला लावली, आणि त्या खांबाशी तो उभा राहिला.

५

ती सांगणार होती. गाडीपर्यंतच्या पन्नास पावलांत तिनं वाक्य तयार केलं होतं. सगळे उतरा, चूक झालीय. बस, चार शब्द. त्या घरात तिच्याइतकं पटकन कुणी बोलत नव्हतं.

"ही बसेल माझ्या मागे," तो माणूस म्हणाला. "बायकांनी मागेच का बसायचं?"

"ऐका!" मूत्तम्मा ओरडली. "बावीस वर्षांनी एक शहाणा आला ह्या घरात!" पुरुष हसत हसत सरकले. रीत मोडली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. नज्ला आजवर कधी बसली नव्हती अशा जागी बसली. वर जागा न उरल्यामुळे एक खोकं तिच्या मांडीवर आलं.

दार लागलं. गाडी निघाली. मागे कुणीतरी लग्नातलं गाणं सुरू केलं आणि पोरांनी सीटवर ताल धरला.

खोकं हलकं होतं, हाताखाली पोकळ वाजत होतं. रिकाम्या डब्याच्या झाकणावर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. नज्लानं सवयीनं गाठ शोधली. लहानपणापासून उप्पांची खोकी तीच सोडायची. तीन वेढे आणि टोक आत खोचलेलं, कात्री लावायची नाही, काट्याच्या टोकानं सैल करायची. तिनं दोरीवरून बोट फिरवलं. वरून, खालून, पुन्हा वरून. दोरी फिरून तिच्याच बोटापाशी आली. तिला गाठ नव्हती. टोकही नव्हतं.

चामीएट्टननं वळण घेतलं. आतमध्ये ऊन आलं. पुढच्या माणसानं घाम पुसायला टोपी मागे सरकवली आणि वरच्या आरशात त्याचं कपाळ आलं, सपाट, कोरं. नज्लानं एकदाच पाहिलं. मग तिनं डोळे पुन्हा दोरीवर आणले, आणि ते तिथेच ठेवले.

"थांबायला सांगितलंस ना त्याला?" पुढून आवाज आला. फक्त तिच्यापुरता, मायेनं भरलेला. "बरं केलंस. तो थांबेल. त्याला सवय आहे."

पर्समध्ये फोन थरथरू लागला. थांबला. पुन्हा थरथरू लागला.

टेकडी उतरायला सुरुवात झाली होती. अजून वेळ होता. मागे फिरायला पाच मिनिटं. मंगळवार तीन दिवसांवर होता. खांबाशी एक माणूस ट्रॉली धरून उभा होता आणि कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून पाय जवळ घेत होता. चामीएट्टन, गाडी थांबवा. एवढंच म्हणायचं. नज्लानं पोटातून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"हं..."

गाणं थांबलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हं... हं..."

शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत. तिथे ते घाबरून उभे राहिले.

शेवटच्या बाकावरून उम्माचं खळखळून हसू आलं. इतकं मोकळं हसू नज्लानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "ऐकलंत? अगदी बापावर गेलीय!"

गाडीभर हशा पिकला. मूत्ताप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. चामीएट्टननं आनंदानं हॉर्न दाबला आणि वायपर सुरू झाले.

पुढचा माणूस तेवढा हसला नाही. तो मान किंचित कलती करून, मन लावून ऐकत होता. मग, जमतंय का बघावं तसा, अगदी हळू, तोही खोकला.

"हं."